तो वेडा नव्हता, मग असं का वागला? युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात मानसशास्त्रज्ञाची साक्ष

इराकमधल्या अबू गरीब तुरुंगातला एक फोटो 2004 साली जगभर पोचला. डोक्यावर पिशवी चढवलेला एक कैदी खोक्यावर उभा आहे आणि त्याच्या हातांना वायरी जोडलेल्या आहेत. खोक्यावरून खाली आलास तर शॉक बसेल, असं त्याला सांगितलेलं होतं. त्या रात्री वायरी जोडण्यात हात असलेला एक जण म्हणजे अमेरिकन लष्कराचा स्टाफ सार्जंट आयव्हन फ्रेडरिक. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बगदादला त्याचं कोर्ट मार्शल झालं. गुन्हे त्याने कबूल केले होते, त्यामुळे केलं की नाही हा वादच नव्हता. ठरायची होती ती शिक्षा. त्यासाठी बचाव पक्षाने एक मानसशास्त्रज्ञ साक्षीला आणला: स्टॅनफर्ड विद्यापीठाचे फिलिप झिंबार्डो. ते बगदादला गेले नाहीत. इटलीतल्या नेपल्सहून व्हिडिओवरून त्यांनी साक्ष दिली.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. फ्रेडरिकच्या मानसशास्त्रीय चाचण्या झाल्या, त्यात कुठला मानसिक आजार निघाला नाही आणि दुसऱ्याला छळण्यात सुख मानणारी वृत्तीही दिसली नाही. घरी, व्हर्जिनियात, तो तुरुंगातच नोकरी करत होता. इराकमध्ये त्याला रात्रपाळी लागली, दुपारी 4 ते पहाटे 4, आणि ती सलग 40 दिवस बिनसुट्टीची. तुरुंगात कैदी भरमसाट, बाहेरून मॉर्टरचे मारे, रात्री वरिष्ठांचा पत्ता नाही, आणि चौकशी करणारे गुप्तचर सांगणार की कैद्यांना आधी जरा 'नरम' करून ठेवा. अशा जागी साधा माणूसही कुठवर जाऊ शकतो हे आपल्याला संशोधनातून माहीत आहे, असं झिंबार्डोंनी मांडलं. एक नासका आंबा अख्खी अढी नासवतो असं आपण म्हणतो, आणि वॉशिंग्टनहूनही तेव्हा तसंच सांगितलं जात होतं: चार-दोन वाईट शिपायांनी लष्कराचं नाव घालवलं. झिंबार्डोंचा दावा नेमका उलटा होता. अढीच सडकी होती, आंबा त्यात नंतर पडला.

सरकार पक्षाने यावर फार गुंतागुंतीचं काही मांडलं नाही. हा प्रौढ माणूस आहे, तुरुंगाच्या कामातला जाणकार आहे, बरं-वाईट त्याला कळत होतं आणि निवड त्याच्या हातात होती. न्यायाधीश कर्नल जेम्स पोल यांना हेच पटलं. फ्रेडरिकला 8 वर्षांची कैद झाली, हुद्दा गेला आणि लष्करातून अपमानास्पद बडतर्फी झाली. झिंबार्डोंच्या साक्षीने काही सवलत मिळाली असं म्हणायला जागा नाही.

मग मानसशास्त्रज्ञाला कोर्टात बोलवतात कशाला? कोर्ट त्याला तीन वेगवेगळ्या वेळी, तीन वेगवेगळे प्रश्न विचारतं, आणि बाहेर चर्चा करताना आपण ते तिन्ही एकातच कालवतो. पहिला प्रश्न: आज, या क्षणी, आरोपीला खटला समजतो का? दुसरा: गुन्हा केला तेव्हा त्याचं मन ठिकाणावर होतं का? आणि तिसरा: गुन्हेगार तो आहेच, पण शिक्षा ठरवताना त्याच्याबद्दल आणखी काय लक्षात घ्यायचं? झिंबार्डोंची साक्ष तिसऱ्या खान्यातली होती. पहिल्या दोन खान्यांतले प्रश्न जुने आहेत आणि त्यांचे किस्सेही जास्त नाट्यमय आहेत.

विसरणारा आणि थप्पड मारणारा

पहिल्या प्रश्नाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण न्यूरेंबर्गचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या खटल्यातलं. हिटलरचा एकेकाळचा उजवा हात रुडॉल्फ हेस सांगत होता की त्याला काही म्हणजे काहीच आठवत नाही. वेगवेगळ्या देशांच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं. 30 नोव्हेंबर 1945 ला, त्याच्यावर खटला चालवता येईल का याची खास सुनावणी सुरू होती. तुरुंगाचे मानसशास्त्रज्ञ गुस्ताव गिल्बर्ट यांनी त्याच दिवशी त्याच्या कानावर घातलं होतं की, तुम्हाला बहुधा अपात्र ठरवून खटल्यातून बाहेर काढतील. हेसला ते झोंबलं असावं. भर कोर्टात उभं राहून त्याने जाहीर केलं की आपली स्मृती आता पुन्हा काम करील. विसरल्याचं सोंग हा डावपेच होता, असंही तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी कोर्टाने त्याला खटल्यासाठी पात्र ठरवलं आणि पुढे त्याला जन्मठेप झाली. त्याचा विसराळूपणा पूर्णपणे सोंग होता का, यावर तज्ज्ञांचं तेव्हाही एकमत नव्हतं. माझ्या मते तो कबुलीजबाबही तितकासा भरवशाचा नाही.

जपानी नेत्यांवरच्या टोकियोच्या खटल्यात उलटं घडलं. न्यायाधीश राधाविनोद पाल यांच्या भिन्नमताच्या निकालपत्रामुळे जो भारतात प्रसिद्ध आहे, तोच हा खटला. 3 मे 1946 ला, पहिल्याच दिवशी, पायजम्यात आणि अनवाणी आलेल्या ओकावा शुमेई या आरोपीने पुढच्या बाकावर बसलेल्या माजी पंतप्रधान तोजोच्या टकलावर चापट मारली. ओकावा हा जपानी साम्राज्यवादाचा विचारवंत. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यलढ्यावर लिहिणारा, रासबिहारी बोस यांच्या परिचयातला. तपासणीत सिफिलिस मेंदूपर्यंत गेल्याचं निदान झालं. त्याच्यावरचा खटला थांबला तो कायमचाच. रुग्णालयात बसून त्याने कुराणाचं जपानी भाषांतर केलं आणि 1948 मध्ये तो सुटला. भाषांतर करण्याइतकी बुद्धी शाबूत असलेला माणूस खटल्याला अपात्र कसा, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. पण पात्रता एका विशिष्ट वेळेपुरती तपासतात. मधल्या काळात माणूस सुधारू शकतो आणि कोर्ट त्याला परत बोलावू शकतं. ओकावाला कोणी बोलावलं नाही, एवढंच.

वेडाचा बचाव इतका क्वचित का टिकतो

दुसरा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे, कारण आपल्या कायद्यातही तो आहे. 1843 मध्ये इंग्लंडमध्ये मॅक्नॉटन नावाच्या भ्रमिष्ट माणसाने पंतप्रधानांच्या सचिवाला गोळी घातली, त्या प्रकरणातून काही नियम तयार झाले. तेच पुढे 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 84 म्हणून आले आणि आता भारतीय न्याय संहितेत कलम 22 म्हणून आहेत. कृत्य करताना मनोविकलतेमुळे आपण काय करतोय, किंवा ते चुकीचं आहे, हे कळण्याची क्षमताच नसेल तर तो गुन्हा नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम कायद्यात, कलम 31 मध्ये, याला आणखी एक बाजू जोडलेली आहे: कळत होतं, पण स्वतःला आवरण्याची क्षमता उरली नव्हती. मात्र ही क्षमता नष्ट झालेली असावी लागते, नुसती कमी झालेली चालत नाही. ही अट दिसते त्यापेक्षा फार कडक आहे.

युद्धगुन्हेगार या अटीत जवळजवळ कधीच बसत नाहीत, आणि त्यामागे फार खोल गूढ नाही. युद्धगुन्हा हे बहुतेक वेळा लांबलचक, अनेकांनी मिळून करायचं काम असतं. याद्या करायच्या, ट्रक मागवायचे, खड्डे खणून घ्यायचे, वर अहवाल पाठवायचा, आणि पराभव दिसू लागला की कागद जाळायचे. जो कागद जाळतो त्याला आपण काय केलं हे कळलेलं असतं. आजाराने भान हरपलेल्या माणसाकडून इतका नीटनेटका कारभार सहसा होत नाही.

न्यूरेंबर्गला गिल्बर्टनी आरोपींची बुद्धिमत्ता चाचणी घेतली, तेव्हाही हेच दिसलं. बँकर शाख्त 143, गोरिंग 138, आणि सगळ्यात खाली ज्यूद्वेष्टा संपादक श्ट्रायखर 106. म्हणजे शेवटचाही सरासरीच्या जरा वरच. त्यांना शाईच्या डागांची रोर्शाक चाचणीही दिली होती. बऱ्याच वर्षांनी ती उत्तरं, कोणाची आहेत हे लपवून, इतरांच्या उत्तरांसोबत तज्ज्ञांपुढे ठेवली तेव्हा नाझी कुठले हे त्यांना वेगळं काढता आलं नाही. कित्येकांची यामुळे निराशा झाली. राक्षसाची काही खूण असती तर बरं झालं असतं, असं सगळ्यांनाच वाटत होतं.

वेड नाही, पण पूर्ण शहाणपणही नाही, अशी मधली जागा मागून पाहिली ती बोस्नियाच्या एसाद लांजोच्या वकिलांनी. 1992 मध्ये कोन्यिचजवळच्या चेलेबिची छावणीत सर्ब कैद्यांवर पहारा देणारा हा 19 वर्षांचा मुलगा खून आणि छळाच्या आरोपाखाली हेगच्या युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणापुढे आला. बचावाने चार मनोविकारतज्ज्ञ उभे केले, सरकार पक्षाने एक. बचावाच्या तज्ज्ञांचं सांगणं असं की व्यक्तिमत्त्वात दोष असलेला, वरिष्ठांची मर्जी राखायला धडपडणारा हा मुलगा आहे, त्याची जबाबदारी कमी धरा. 1998 च्या निकालात कोर्टाने व्यक्तिमत्त्वातला दोष मान्य केला, पण स्वतःला आवरता येऊ नये इतकी त्याची मजल गेली होती हे मान्य केलं नाही.

त्या निकालातला एक तपशील वकिलांपेक्षा आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. तज्ज्ञाचं मत हे आरोपीने त्याला सांगितलेल्या हकिगतीवर उभं असतं. लांजोने तज्ज्ञांना सांगितलं होतं की आपण हुकमाने वागलो. कोर्टाला त्याची ती हकिगतच खरी वाटली नाही. पायाच काढून घेतल्यावर वरचा मजला कितीही विद्वान असला तरी उभा कसा राहणार? म्हणून अशा साक्षीत उलटतपासणी निदानापेक्षा निदानामागच्या माहितीची होते: हे तुम्हाला कोणी सांगितलं, आणखी कोणाला विचारलंत, सोंग ओळखायची चाचणी घेतलीत का? लांजोला 15 वर्षं झाली. त्याचं कोवळं वय शिक्षा ठरवताना जमेस धरलं. पुढे 2001 मध्ये अपील कक्षाने नियम स्वच्छ केला: मन कमकुवत असणं ही शिक्षा कमी करण्याची बाब आहे, निर्दोष सोडण्याची नाही.

वरिष्ठांच्या हुकमाबद्दलही कायदा याच रेषेवर आहे, हे जाता जाता सांगायला हवं. न्यूरेंबर्गच्या सनदेचं कलम 8 म्हणतं की हुकूम होता म्हणून सुटका नाही, पण शिक्षेत विचार होऊ शकतो.

प्रयोगावर उभी राहिलेली साक्ष

झिंबार्डोंकडे परत येऊ, कारण त्यांच्या साक्षीत खरी गंमत, आणि खरी अडचणही, आहे. त्यांचा अधिकार 1971 च्या ऑगस्टमधल्या एका प्रयोगातून आला होता. स्टॅनफर्डच्या तळघरात खोटा तुरुंग उभारला, रोज 15 डॉलर देऊन कॉलेजातली धडधाकट मुलं घेतली, नाणेफेकीने कोणी रक्षक झालं, कोणी कैदी. दोन आठवडे चालवायचा प्रयोग सहाव्या दिवशी बंद करावा लागला, कारण रक्षकांनी कैद्यांचे हाल सुरू केले होते. झिंबार्डो स्वतः त्या तुरुंगाचे अधीक्षक बनून बसले होते. हे थांबव, म्हणून त्यांना सुनावलं ते क्रिस्टिना मास्लाक या तरुण संशोधक बाईंनी.

हा प्रयोग जवळजवळ प्रत्येक मानसशास्त्राच्या पुस्तकात आला. अबू गरीबची चौकशी करणाऱ्या, माजी संरक्षणमंत्री जेम्स श्लेसिंजर यांच्या समितीनेही 2004 च्या अहवालाच्या परिशिष्टात त्याचा दाखला दिला. पण पुढे, विशेषतः 2018-19 मध्ये, जुन्या ध्वनिफिती आणि कागदपत्रं तपासल्यावर वेगळं चित्र दिसलं. रक्षकांना कडक वागा असं आधीच सांगितलेलं होतं, आणि जो मवाळ वागत होता त्याला बाजूला घेऊन पटवल्याची ध्वनिफीतही निघाली. सगळ्यात क्रूर ठरलेला रक्षक म्हणाला की आपण ठरवून भूमिका वठवत होतो. म्हणजे 'जागेने माणूस बिघडवला' यापेक्षा 'वरच्याने सांगितलं आणि ते भल्यासाठीच आहे असं पटवलं' हे स्पष्टीकरण जास्त जवळचं वाटतं. गमतीचा भाग असा की अबू गरीबला तेच जास्त लागू पडतं.

समजा प्रयोगात काही खोट नव्हती, तरी कोर्टात तो पुरला नसता. झिंबार्डोंच्याच नोंदींनुसार साधारण एक तृतीयांश रक्षक क्रूर वागले. म्हणजे दोन तृतीयांश नाही वागले. त्यांचे शाळासोबती स्टॅनली मिलग्रॅम यांच्या शॉक देण्याच्या प्रसिद्ध प्रयोगात 40 पैकी 26 जण शेवटच्या 450 व्होल्टपर्यंत गेले, 14 थांबले. संशोधन शंभर माणसांबद्दल बोलतं, कोर्टासमोर उभा असतो तो एकच. त्या एकाने कुठल्या बाजूला जायचं हे आकडा सांगत नाही. अबू गरीबमध्ये तर याचं जिवंत उदाहरण होतं: जोसेफ डार्बी नावाच्या शिपायाने फोटोंची सीडी तपास अधिकाऱ्यांच्या हवाली केली. तोही त्याच तुरुंगात, त्याच हवेत होता.

एवढं असूनही झिंबार्डोंची साक्ष फालतू होती असं मला वाटत नाही. ती चुकीच्या खटल्यात दिली गेली. परिस्थितीने हे घडवलं असेल, तर ती परिस्थिती कोणी घडवली हा पुढचा प्रश्न येतो. कैदी किती कोंबायचे, देखरेख कोणी करायची, 'नरम करा' कोणी म्हणायचं, हे सार्जंट ठरवत नाही. ही साक्ष खऱ्या अर्थाने वरच्यांच्या विरोधातला पुरावा होती. प्रत्यक्षात कैद झाली ती खालच्या हुद्द्यांना: फ्रेडरिकला 8 वर्षं, चार्ल्स ग्रेनरला 10, लिंडी इंग्लंडला 3. तुरुंगांच्या प्रमुख ब्रिगेडियर जनरल जॅनिस कार्पिन्स्की यांना एक हुद्दा खाली आणून कर्नल केलं, खटला मात्र चालला नाही. कोर्टापुढे एकच आरोपी असतो आणि कोर्टाला त्याच्यापुरताच निकाल द्यायचा असतो, हे मान्य. पण तज्ज्ञाने दाखवलेलं बोट ज्या दिशेला होतं तिकडे जवळजवळ कोणावरच खटला भरला गेला नाही, तर ते बोट फक्त निमित्त शोधत होतं असं वाटू लागतं.

नऊ वर्षांचा असताना पळवलेला कमांडर

या सगळ्या प्रश्नांची सर्वात अवघड गाठ आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात चाललेल्या डॉमिनिक ऑन्ग्वेनच्या खटल्यात पडली. उत्तर युगांडात शाळेच्या वाटेवरून, साधारण नऊ वर्षांचा असताना, जोसेफ कोनीच्या 'लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी' या बंडखोर टोळीने त्याला पळवलं. मारहाण, जबरदस्तीने दुसऱ्यांना मारायला लावणं, पळालास तर घरच्यांना संपवू अशा धमक्या, यात तो वाढला आणि त्याच टोळीत ब्रिगेड कमांडर झाला. 2004 मध्ये ओडेक, लुकोडी, अबोक या विस्थापितांच्या छावण्यांवर त्याच्या माणसांनी हल्ले केले. मुलींना पळवून 'बायका' म्हणून वाटणं, लहान मुलांना बंदुका देणं, हेही आरोपात होतं. ज्या गुन्ह्याचा तो बळी होता तोच गुन्हा त्याने इतरांवर केला.

बचाव पक्षाचे दोन युगांडी मनोविकारतज्ज्ञ त्याला हेगच्या कोठडीत भेटत राहिले. त्यांनी नैराश्य, आघातानंतरचा ताणविकार आणि दुभंगलेली ओळख यांचं निदान केलं: एक सौम्य डॉमिनिक, एक लढाऊ डॉमिनिक. सरकार पक्षाकडे तिघे होते, त्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट रोलंड वायरश्टाल-पुस्ट. ऑन्ग्वेनने त्यांना भेटायला नकार दिला, म्हणून त्यांनी कागदपत्रं, मुलाखती आणि साक्षी यांवरून मत दिलं. एरवी न भेटता दिलेलं मत कच्चं मानलं असतं. इथे उलटं झालं. कोर्टाचा बचावाच्या तज्ज्ञांवर आक्षेप असा की त्यांनी उपचार करणारा डॉक्टर आणि तटस्थ परीक्षक या दोन भूमिका एकत्र केल्या, आणि रुग्णाने सांगितलेलं बाहेरच्या पुराव्याशी ताडून पाहिलं नाही. जंगलात वर्षानुवर्षं त्याच्यासोबत राहिलेल्या साक्षीदारांपैकी कोणाच्याही बोलण्यात अशा आजाराची लक्षणं नव्हती. हल्ले आखणं, माणसं नेमणं, वर कळवणं हे तो व्यवस्थित करत होता. आज कोठडीत दिसणारं दुखणं हे तेव्हाच्या मनाचा पुरावा होत नाही.

4 फेब्रुवारी 2021 ला 70 पैकी 61 आरोपांत तो दोषी ठरला. शिक्षेच्या वेळी मात्र त्याचं हरवलेलं बालपण मोजलं गेलं. जन्मठेप देता आली असती. बहुमताने 25 वर्षं ठरली, एका न्यायाधीशाला 30 हवी होती. ती शिक्षा तो आता नॉर्वेत भोगतो आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये कोर्टाने त्याच्या गुन्ह्यांच्या बळींसाठी भरपाईचा आदेश काढला: सुमारे 50 हजार माणसं, 5 कोटी 24 लाख युरो, त्यात प्रत्येकाला प्रतीकात्मक 750 युरो. ऑन्ग्वेनकडे पैसे नाहीत, ते कोर्टाशी संलग्न निधीने देणग्यांतून उभे करायचे आहेत. भरपाई मिळू शकणाऱ्यांच्या यादीत एक गट त्याच्या हाताखालच्या बालसैनिकांचाही आहे. तीही त्याच्यासारखीच पळवून आणलेली मुलं होती.